पावसाळ्यात व्हॅनला हात लावल्यावर लागतो तो करंट स्टॅटिकचा नसतो

कॅम्परव्हॅनवाल्यांच्या गप्पांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, "बॉडीला थोडा करंट येतो रे, पण ते स्टॅटिक आहे, काय नाय होत." आणि हे कोणी राजस्थानात डिसेंबरमध्ये बोललं तर ठीक आहे, पण जुलैमध्ये नवी मुंबईतल्या ऐरोलीत, जिथे आठ-आठ दिवस चादरी वाळत नाहीत, तिथे उभं राहून कोणी असं बोललं की मला खरंच काळजी वाटते. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते, कारण आता आपल्याकडे व्हॅन बनवून घेणारे खूप झालेत, २०२१ मध्ये राज्य सरकारचं कॅराव्हॅन धोरण आलं, लोकं ट्रॅव्हलर गाडी घेतात, तुर्भे-कळंबोलीकडे फॅब्रिकेटर गाठतात, आत बेड, किचन, एसी, इंडक्शन सगळं बसवून घेतात, सनमायका कुठल्या रंगाचा यावर महिनाभर चर्चा होते आणि अर्थिंगवर पाच मिनिटंसुद्धा नाही.

आधी स्टॅटिक म्हणजे काय ते नीट बघू. दोन वेगळ्या वस्तू एकमेकांवर घासल्या आणि मग लांब झाल्या की एकीवर चार्ज उरतो. तुम्ही पॉलिस्टरच्या सीटवरून सरकत उतरता तेव्हा तो चार्ज तुमच्या अंगावर येतो, आणि दरवाजाच्या पत्र्याला बोट लागलं की चट्ट करून निघून जातो. एकदाच. परत लगेच हात लावला तर काहीच होत नाही. हा चटका जाणवायलासुद्धा अंगावर साधारण ३ हजार व्होल्ट जमावे लागतात, आणि तेवढे जमायला हवा कोरडी लागते. दमट हवेत प्रत्येक वस्तूवर पाण्याचा अगदी पातळ थर असतो, चार्ज जमतो न जमतो तोच तिथून पळून जातो. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवेतला दमटपणा ८०-९० टक्के असतो, त्यात टायर ओले, जमीन ओली, चपला ओल्या, आता सांगा चार्ज टिकणार कुठे?

आणि टायर रबराचे म्हणजे गाडी जमिनीपासून पूर्ण तुटलेली, हा पण एक समज आहे. टायर काळा असतो तो कार्बन ब्लॅकमुळे, आणि कार्बन ब्लॅकमुळे टायर थोडा तरी कंडक्ट करतो, म्हणजे स्टॅटिकसारखा किरकोळ चार्ज त्यातून हळूहळू उतरतो. २३० व्होल्टचा फॉल्ट मात्र त्यातून उतरत नाही. हा फरक लक्षात राहू दे, पुढे लागणार आहे.

तर मग पावसाळ्यात पार्किंगमध्ये बाहेरून लाइट घेतलेली असताना दरवाजाच्या हँडलला हात लावला आणि झिणझिण्या आल्या, आणि हात तिथेच ठेवला तर येतच राहिल्या, तर ते स्टॅटिक नाही. ती मेनची लाइट आहे. बारीक असेल, पण आहे मेनचीच. चट्ट करून संपलं तर स्टॅटिक, मुंग्या येतच राहिल्या तर मेन, ही खूण घरातल्या लहान मुलालासुद्धा शिकवून ठेवा.

हे आमच्याकडे आईच्या बाबतीत झालं. व्हॅन सोसायटीच्या पार्किंगमध्ये, बॅटरी चार्जिंगला लावलेली, पाऊस नुकताच थांबलेला, आई अनवाणी खाली उभी राहून आत पिशवी ठेवत होती आणि एकदम हात मागे घेऊन म्हणाली, "अगं, मुंग्या आल्या हाताला." शेजारच्या काकांनी लगेच तेच, स्टॅटिक असतं गं गाड्यांना. मी आधी जाऊन मेन बंद केलं, आईला चपला घालायला लावल्या, आणि मग मल्टिमीटर आणून, मेन परत चालू करून त्या सॉकेटमध्ये मोजलं. फेज-न्यूट्रल २३४. न्यूट्रल-अर्थ १०८. तिथेच कळलं की अर्थ तुटलेली आहे.

आता हे १०८ कुठून आले ते सांगते, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. आपले चार्जर, लॅपटॉपचा अडॅप्टर, इंडक्शन, इन्व्हर्टर एसी या सगळ्यांच्या आत लाइन फिल्टर असतो, त्यात फेज ते अर्थ एक आणि न्यूट्रल ते अर्थ एक असे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थ व्यवस्थित असेल तर त्यातून येणारी बारीक लिकेज जमिनीत जाते, कोणाला पत्ताही लागत नाही. अर्थ तुटलेली असेल तर ते दोन कपॅसिटर मिळून बॉडीला मधोमध लटकवून ठेवतात, २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ च्या आसपास. एका चार्जरची लिकेज मिलिअँपच्या अंशात असते, पण व्हॅनमध्ये पाच-सहा वस्तू एकाच बॉडीला जोडलेल्या, सगळ्यांची बेरीज होते. माणसाला अर्धा ते एक मिलिअँपला जाणवायला लागतं. ३० मिलिअँपची आरसीसीबी (करंट बाहेर गळला की लाइट तोडणारा स्विच) इतक्याला पडत नाही, त्यामुळे "आमची आरसीसीबी पडली नाही म्हणजे सगळं ओके" असं धरून चालू नका.

आणि झिणझिण्यांनी माणूस मरत नाही हे खरं असलं तरी त्या एक गोष्ट स्वच्छ सांगतात की व्हॅनच्या बॉडीला अर्थ नाहीये. आज कपॅसिटरची लिकेज आहे, उद्या गीझरचं एलिमेंट फुटलं किंवा दरवाजाच्या कडेने वायर सोलली गेली की त्याच पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येणार आणि तरी आत बसलेल्यांना काहीच कळणार नाही, कारण आत सगळंच एका व्होल्टेजला असतं, तारेवर बसलेल्या कावळ्यासारखं. शॉक लागतो तो चढता-उतरताना. एक पाय ओल्या जमिनीवर आणि हात हँडलवर. १० मिलिअँपच्या आसपास गेलं की स्नायू आखडून हात सुटत नाही, ३० च्या वर जास्त वेळ राहिलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून बारीक मुंग्यांनाच मी इतकं महत्त्व देते.

तर अर्थ गेली कुठे? आमच्याकडे वायरमन काकांबरोबर मी पूर्ण लाइन तपासली. सॉकेटपाशी अर्थची वायर होती, हिरवी, व्यवस्थित कसलेली. ती पुढे पंप रूमच्या भिंतीवरून जाऊन एका जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपला बांधलेली होती. पूर्वी तो पाइप जमिनीत जायचा. मधल्या काळात प्लंबिंग बदललं, खालचा भाग सीपीव्हीसीचा झाला, वरचा दीड-दोन फूट जीआयचा तुकडा तसाच राहिला आणि त्याला गुंडाळलेली अर्थची वायर पण. म्हणजे वायर आहे, क्लॅम्प आहे, आणि पुढे प्लॅस्टिक. जुन्या बिल्डिंगमध्ये राहत असाल तर हे नक्की बघा, पाण्याच्या पाइपला अर्थ बांधायची सवय फार जुनी आहे आणि प्लंबर येऊन पाइप बदलून जातो तेव्हा वायरमनला कोणी विचारत नाही. काकांनी नवीन लाइन मीटर रूमच्या अर्थ पट्टीपर्यंत ओढली, ती खाली अर्थपिटला, म्हणजे अर्थिंगसाठी जमिनीत केलेल्या खड्ड्याला जाते. नंतर न्यूट्रल-अर्थ मोजलं तर दीड व्होल्ट. मुंग्या गायब. कमिटीने खर्चाला एका मिटिंगमध्ये होकार दिला, कारण त्याच सॉकेटवर वॉचमन दादा रोज चहाची किटली लावत होते.

दुसरी जागा म्हणजे एक्सटेन्शन. बाजारात मिळणारे कितीतरी बोर्ड असे असतात की वर भोकं तीन, टॉपला पिना तीन, आणि मधली केबल दोन कोरची. टॉप उघडून बघा. दोन स्क्रूखाली वायर दिसेल आणि वरचा मोठा स्क्रू मोकळा, नवाकोरा चमकत असेल. ती अर्थची पिन लांब आणि जाड दिलीये ती उगीच नाही, प्लग घालताना ती सगळ्यात आधी लागते आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटते, आणि आपण काय करतो, सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून तीच पिन काढून टाकतो किंवा दोन पिनांचा कन्व्हर्टर लावतो. व्हॅनसाठी केबल स्वतः बनवून घ्या. १६ अँपला तिन्ही कोर २.५ स्क्वेअर एमएम, रबराची फ्लेक्सिबल, दोन्ही टोकांना इंडस्ट्रियल टॉप, वाटलं तर दोन हजार जास्त जाऊ दे. आणि सॉकेटच्या टोकाला एका डब्यात ३० मिलिअँपची आरसीसीबी, कारण व्हॅनच्या आतली आरसीसीबी व्हॅनच्या आतलंच बघते, बाहेर चिखलात पडलेल्या केबलवरून कोणाची गाडी गेली तर ती काही करू शकत नाही.

आरसीसीबीबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. ती अर्थशिवायसुद्धा चालते. फेजने गेलेला करंट आणि न्यूट्रलने परत आलेला करंट यातला फरक ती बघते, अर्थची वायर तिला लागतच नाही. त्यामुळे टेस्टचं बटण दाबल्यावर ती पडली म्हणजे आरसीसीबी ठीक आहे एवढंच कळतं, अर्थिंग आहे की नाही ते त्यातून कळत नाही. अर्थ असेल तर फॉल्ट झाला त्या क्षणी करंट वायरने जातो आणि ती पडते, कोणी हात लावायच्या आधीच. अर्थ नसेल तर ती वाट बघत बसते, कोणीतरी हात लावेपर्यंत, आणि मग त्या माणसाच्या अंगातून जो करंट जातो त्यावर पडते. बहुतेक वेळा जीव वाचतो, पण मला माझ्या घरातलं माणूस त्या कामासाठी वापरायचं नाहीये.

आता व्हॅनच्या आतलं. गाडीवाले "अर्थ" म्हणतात ती १२ व्होल्टची निगेटिव्ह, चॅसीला जोडलेली. घरवाले अर्थ म्हणतात ती २३० व्होल्टची सेफ्टीची वायर. दोन्ही शेवटी चॅसीलाच येऊन मिळतात, पण कामं वेगळी आहेत, आणि फॅब्रिकेटरकडे १२ व्होल्टचं काम करणारा पोरगा बऱ्याचदा २३० चं पण तोच करतो. आमच्या व्हॅनमध्ये ज्यांनी काम केलं त्यांनी इन्व्हर्टरची अर्थ पावडर कोटिंग केलेल्या ब्रॅकेटला स्क्रूने मारलेली होती. पावडर कोटिंग म्हणजे इन्सुलेशनच ना! ते खरवडून, खालचा पत्रा चकचकीत करून, वायरच्या टोकाला टिनचा मुलामा असलेला लग (बोल्टसाठी भोक असलेली धातूची पट्टी) क्रिम्प करून, खाली दातेरी वॉशर टाकून नट-बोल्टने कसलं, वरून झिंक स्प्रे. इथे खाडीची हवा आहे, साध्या तांब्याच्या लगवर एका पावसाळ्यात हिरवा थर येतो, म्हणून ऑक्टोबरमध्ये एकदा तो पॉइंट उघडून बघायचाच. बॉडी फायबरची असेल तर अजून जास्त लक्ष द्यावं लागतं, कारण फायबर करंट नेत नाही, त्यामुळे सिंक, गॅसचा पाइप, स्टीलची टाकी, मागची शिडी, ऑनिंगची (बाहेर काढायच्या छपराची) फ्रेम हे सगळं वेगळ्या हिरव्या-पिवळ्या वायरने एकमेकांना आणि चॅसीला जोडावं लागतं.

न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडायची जागा एकच, जिथून लाइट सुरू होते तिथे. बाहेरून लाइट घेतली तर ती जागा बाहेर आहे, व्हॅनमध्ये जोडायची नाही. इन्व्हर्टरवर चालवताना लाइट व्हॅनमध्येच तयार होते म्हणून तेव्हा इन्व्हर्टरपाशी जोडायची. चांगल्या इन्व्हर्टर-चार्जरमध्ये यासाठी रिले असतो, बाहेरची लाइट आली की तो जोड आपोआप तोडतो. काही लोक कायमची लिंक मारून टाकतात. हे फार धोक्याचं आहे, कारण आपल्याकडे सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असणं अगदी कॉमन आहे, आणि उलट्या सॉकेटला अशी व्हॅन लावली की लिंकमधून फेज सरळ बॉडीवर. त्यात सॉकेटची अर्थ पण तुटकी असेल तर अख्खी व्हॅन २३० वर, आणि पडायला काही नाही.

मग "आम्ही रॉड ठोकतो की जमिनीत" असं म्हणणारे भेटतात. हिशोब करून बघा. सह्याद्रीत खाली काळा पाषाण, फूटभर रॉड आत जायची मारामार, समजा ५० ओहम रेझिस्टन्स मिळाला (बहुतेक ठिकाणी त्याहून जास्तच मिळेल), तर २३० भागिले ५० म्हणजे ४.६ अँप. १६ अँपची एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) ४.६ अँपला कधीच पडणार नाही आणि बॉडी तशीच लाइव्ह राहणार. सोसायटीची अर्थ नाही म्हणून एकटा रॉड, हा उपाय आरसीसीबीशिवाय उपाय नाहीच. आणि स्वतःच्या इन्व्हर्टरवर असताना तर फॉल्टचा करंट जमिनीतून नाही, चॅसीवरून त्या न्यूट्रल-अर्थच्या जोडापर्यंत परत येतो, तिथे रॉडचा संबंधच येत नाही.

मागे लोंबणारी रबरी पट्टी आणि साखळी, तेही तसंच. ठाणे-बेलापूर रोडवर टँकरला खाली साखळी बघितली असेल, ती स्टॅटिक उतरवायला, आणि तरीसुद्धा माल उतरवताना ते वेगळा अर्थिंग क्लॅम्प लावतातच. तुम्ही व्हॅनला पट्टी लावा, नुकसान काही नाही, पण ती २३० ची अर्थ आहे असं कृपा करून समजू नका.

आता खरं स्टॅटिक, कारण तेही आहे, फक्त दुसऱ्या ऋतूत आणि घाटाच्या वर. डिसेंबर-जानेवारीत माळशेज चढून नगर-सोलापूरकडे गेलात किंवा कच्छला गेलात की हवा कोरडी होते, आणि मग पॉलिस्टरचे पडदे, फ्लीसचं ब्लँकेट, रेक्झिनची सीट, प्रत्येक उतरण्याला चट्ट. यावर सगळ्यात सोपं म्हणजे सीटवरून उठायच्या आधीच दरवाजाचा उघडा धातू पकडायचा आणि पकडूनच खाली पाय ठेवायचा, म्हणजे चार्ज जमतानाच उतरत जातो. आणि फ्लीसऐवजी सोलापुरी चादर. सुती कापड ओलावा धरून ठेवतं, आमच्याकडे नुसत्या एवढ्याने खूप फरक पडला.

हा चटका माणसाला काही करत नाही. पण पेट्रोलच्या वाफेला करतो. अंगावर १० हजार व्होल्ट असतील तर त्या ठिणगीत काही मिलिज्यूल एनर्जी असते, आणि पेट्रोलची वाफ पेटायला अर्धा मिलिज्यूलसुद्धा लागत नाही. व्हॅन डिझेलची असली तरी जनरेटरचं पेट्रोल असतं. पंपावर उतरल्यावर आधी गाडीच्या पत्र्याला हात लावायचा मग नोझलजवळ जायचं, भरताना परत सीटवर जाऊन बसायचं नाही, आणि कॅन गाडीत ठेवून भरायचा नाही, खाली जमिनीवर ठेवूनच. गॅसचंही तसंच, एलपीजी हवेपेक्षा जड, लिक झाला तर फ्लोअरला साठतो, म्हणून सिलेंडरच्या कप्प्याला खाली व्हेंट पाहिजेच आणि तिथे फ्लीसची चटई नको. लिथियम बॅटरीचा बीएमएस (बॅटरी सांभाळणारा सर्किट बोर्ड) किंवा सोलरचा कंट्रोलर उघडायचा असेल तरी आधी चॅसीला हात लावून मगच बोर्डला लावायचा, आपल्याला जाणवतही नाही इतक्या चार्जने त्यातली चिप जाऊ शकते.

वीज पडण्याबद्दल थोडक्यात. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये घाटावर ढगांचा गडगडाट सुरू झाला की पत्र्याच्या व्हॅनमध्ये बसून राहा, काचा बंद, धातूला हात नाही. वाचवते ती पत्र्याची बॉडी, टायर नाही. फायबरची बॉडी किंवा वर उघडणारं कापडी छत असेल तर तो भरवसा धरू नका, पक्क्या इमारतीत जा. आणि बाहेरची केबल वादळ यायच्या आधी काढून ठेवा, डोक्यावर आल्यावर नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप फोनमध्ये टाकून ठेवा, जवळपास वीज पडत असेल तर ते कळवतं.

आता मी कुठेही गेले, रिसॉर्ट असो, नातेवाईकांचं अंगण असो, केबल सोडायच्या आधी मल्टिमीटर काढते. आपल्याकडच्या सॉकेटला अर्थ वर धरली तर फेज उजवीकडे पाहिजे. फेज-न्यूट्रल २३० च्या जवळ, फेज-अर्थ पण साधारण तेवढेच, न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्ट. न्यूट्रल-अर्थ ६०-७०-१०० दाखवत असेल तर केबल परत आत. एकच लक्षात ठेवा, मल्टिमीटर अगदी बारीक करंटवर मोजतो, त्यामुळे एका तारेवर लटकलेली कच्ची अर्थसुद्धा त्यावर चांगली दिसू शकते, लोड दिला की उघडी पडते. म्हणून कायमच्या जागेवर वायरमनकडून फेज ते अर्थ १०० वॉटचा जुना पिवळा (फिलामेंटचा) बल्ब लावून बघा, पूर्ण पेटला तर अर्थ बऱ्यापैकी, मिणमिणला तर नाही (लाइनला आरसीसीबी असेल तर ती पडणार, ते बरोबरच आहे). स्वतः हा बल्बचा प्रयोग करू नका, सवय असलेल्या माणसालाच करू द्या.

परवा एका घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी रीडिंग ९२ आलं, तिथल्या दादांना मीटर दाखवला, ते म्हणाले ताई अर्थपिटला उन्हाळ्यापासून पाणीच घातलं नाहीये. दोन बादल्या ओतल्या, थोडं थांबून परत मोजलं, ९० च. मग पिटचं झाकण काढून बघितलं तर क्लॅम्पपाशी जीआयची पट्टी गंजून तुटलेली. ती रात्र आम्ही बॅटरीवर काढली, एसी नाही, पंखा लावला, आणि सकाळी निघताना दादा पट्टी बदलायला माणूस बोलवत होते.